दारावरच्या दोन कड्या

"मशीन बिघडलंय, नानाय! दोन दिवस तरी काही छापून मिळायचं नाही!" आईला फोनवर सांगताना पेर्लाने फोन तळहाताने झाकून धरला... कारण तिच्या पाठीमागे तेच मशीन खडखडत कुणा नव्या नर्सच्या अभिनंदनाचा फ्लेक्स बाहेर ढकलत होतं.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात परीक्षेचा निकाल खरा लागतो तो घरावर! परवान्याची परीक्षा पास झालेल्या लेकराचा हसरा फोटो, नावाआधी मोठ्या अक्षरांत पदवी, खाली 'अभिमानी आईवडील'... अकरा वर्षांत पेर्लाने असे शेकडो इंजिनिअर, नर्सा, शिक्षक छापले होते. आणि काल तिची धाकटी बहीण जोवेलिन इंजिनिअर झाली होती.

फ्लेक्सचं दुःख नव्हतं; दुःख होतं कड्यांचं! पेर्ला इंजिनिअरिंगला लागली तेव्हा वेल्डर वडिलांनी, तिच्या तातयनं, मोठ्या हौसेने दारावर फ्लेक्स टांगायला त्याच्या रुंदीइतक्या अंतरावर दोन लोखंडी कड्या जोडल्या होत्या. शेवटचं एक वर्ष उरलं असताना ते गेले. पेर्लाने कॉलेज सोडलं, या दुकानात लागली, जोवेलिनला शिकवलं... आणि नानाय त्या कड्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालू लागली. आता तिथं जोवेलिन झळकणार! जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं तिचाच मत्सर... पेर्लाला स्वतःची शिसारी आली, पण मत्सर काही केल्या जाईना.

"मानांग!" थोरल्या बहिणीला हाक मारत जोवेलिनच दुकानात शिरली आणि मशीनकडे पाहून थबकली. "बिघडलेलं मशीन छान चालतंय की गं!"

पेर्लाचा बांध फुटला. "हो, खोटं बोलले मी! जळते तुझ्यावर, कळलं? त्या कड्या माझ्या होत्या, जोवे... तातयनं माझ्यासाठी केल्या होत्या!"

जोवेलिनचे डोळे भरून आले. तिने आपल्या फ्लेक्सचा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "छापून दे. कुठं लावायचा ते माझं मी बघते."

संध्याकाळी पेर्ला घरी पोचली तेव्हा तो फ्लेक्स कुंपणाच्या बांबूंना सुतळीने बांधलेला होता, आणि त्याचा एक कोपरा चिखलात लोळत होता.

"इंजिनिअर झाली, आणि तोंड दाखवतेय कोंबड्यांना!" नानाय करवादली.

दारावरच्या कड्या मात्र रिकाम्या होत्या... गंज खरवडून लख्ख केलेल्या!

"त्या तुझ्यासाठी राखल्यात, मानांग," जोवेलिन हलकेच म्हणाली. "एकच वर्ष राहिलंय ना? पुढच्या महिन्यात प्रवेश सुरू होतायत. आता घर मी बघते... तू जा."

 पेर्लाने सुतळी सोडली, बाहीनेच बहिणीच्या फोटोवरचा चिखल पुसला, स्टुलावर चढली आणि फ्लेक्स कड्यांना घट्ट बांधला.

"वेडाबाई! तातयचं वेल्डिंग आहे ते, दोन फ्लेक्स सहज पेलेल," ती स्टुलावरूनच म्हणाली. "पण माझा लागेल तेव्हा तुझ्या वर लागेल हं... थोरली मी आहे!"