कमी काठाची कुंडी

"या बाजूला मुळंच नाहीत की हो!"

आल्या आल्या माझ्या झाडाला नावं ठेवणारा हा कोण उपटसुंभ? मी वळून पाहिलं. हातात मोजपट्टी, बाहीला वाळलेली माती आणि डोळ्यांत मिस्कील हसू... आमच्या बोन्सायच्या रोपवाटिकेला कुंड्या घडवून देणारे कुंभारकाका आता थकले होते. हा त्यांचा पुतण्या.

"दिसतंय मला," मी फटकारलं.

"काळजी नको. या अंगाचा काठ जरा उंच करतो. झाकलं जाईल सगळं."

"झाकायला काय झालंय? मुळं येतील. मी आणणार आहे."

"कुठून, बाजारातून?"

वर हसला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झाड बाबांचं, माझ्याहून वयानं मोठं. कुजीनं एका अंगाची मुळं गेली, तेव्हा बाबा म्हणाले, "हे आता मागच्या फळीवर टाक. प्रदर्शनात नको." मी हट्टाला पेटले. पुढच्या प्रदर्शनापर्यंत मुळं आणून दाखवते, म्हटलं. आता नाही जमलं तर झाड कायमचं मागे, आणि हसं माझं.

काम तसं साधं. त्याच जातीची कोवळी रोपं घ्यायची. बुंध्याला खाच पाडायची, रोपाची साल तेवढीच खरवडायची आणि हिरव्याला हिरवं भिडवून बारीक खिळ्यानं ठोकायचं. रोप बुंध्यात मुरलं की जोडाच्या वरचं त्याचं डोकं छाटायचं. खाली उरतात ती मुळं मग झाडाची. पण रोप मुरलेलंच नसेल, तर छाटल्यावर मुळंही मरतात.

ठोकायला मला तिसरा हात हवा होता, आणि कुंडीवाला मोजमापाच्या नावाखाली पुन्हा हजर!

"धरा. हळू! चिखल नाही तो."

"धरलंय. तुमचाच हात थरथरतोय, बाईसाहेब."

"तुमचा श्वास लागतोय त्याला."

"मग... घेऊ नको श्वास?"

"खिळा बसेपर्यंत नका घेऊ."

आणि खरंच रोखून धरला की हो त्यानं! कान लालबुंद झाले तरी सोडेना. मला हसू फुटलं आणि हातोडी बसली माझ्याच अंगठ्यावर. त्यानं पटकन अंगठा हातात घेतला, फुंकर घातली... आणि सोडायला विसरला. मीही आठवण केली नाही.

त्यानंतर तो येतच राहिला. कुंडी एक, मापं शंभर.

रोपं जोमानं वाढली. खिळे सालीत बुडाले. आता छाटायलाच हवं होतं. मी रोज कात्री घेऊन बसायची आणि नुसती पानं पुसून उठायची. या कामात सगळे इथेच फसतात. रोप हिरवंगार दिसतं म्हणून राहू देतात, आणि ते आपलं आपल्यापुरतं वाढत बसतं. मला हे पाठ होतं. पण छाटलं नव्हतं तोवर मी हरलेही नव्हते ना...

एका दुपारी तो कुंडी घेऊन आला. लांबट, राखाडी-निळी. मी बघतच राहिले. मुळं गेलेल्या बाजूला काठ जेमतेम बोटभर!

"अहो, यानं काहीच झाकणार नाही!"

"झाकायचंय काय? मुळं येतील म्हणालात ना? मी त्याच भरवशावर भाजली ही."

"आणि नाही आली तर?"

"तर ही रिकामी राहील. दुसरी नाही घडवणार मी."

इतका भरवसा माझ्यावर मीसुद्धा ठेवला नव्हता. मी कात्री उचलली. कच्च! पांढरा चीक ओघळला. एकेक करत सगळी डोकी उतरवली.

मग वाट पाहणं आलं. जेवण गोड लागेना.

कुंडी बदलायच्या दिवशी बाबा स्वतः आले. माती धुतली. बुंध्याभोवती सगळीकडून मुळं पसरली होती, टोकं पांढरीशुभ्र, जिवंत! बाबांनी अंगठा फिरवला. चष्मा पुसला, पुन्हा फिरवला.

"यातली मूळची कुठली गं?"

"ओळखा."

त्यांना ओळखता येईना. बाबांना! तोंड भरून कौतुक करणं त्यांच्या रक्तात नाही. एवढंच म्हणाले, "हे पहिल्या टेबलावर. पाटीवर नाव तुझं घाल." आणि शेवाळ आणायला आत गेले. माझे पाय जमिनीवर ठरेनात.

"मी घाबरले होते," मी हळूच कुंडीवाल्याला म्हटलं. "छाटताना." असलं काही मी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं.

"ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा तोरा आवडतो मला. तो कशाला उतरवू?"

"आणि मला... तुम्ही आवडता. ऐकलंत ना? पुन्हा सांगणार नाही."

"माझ्यासाठी नका सांगू. पण एकदा बाबांसमोर—"

"ऐकलंय," शेवाळाची टोपली घेऊन दारात उभे असलेले बाबा म्हणाले. "झाड नीट धरा दोघांनी. आणि तू रे, उद्या काकांना घेऊन ये."

अशा वेळी मुलीनं लाजून खाली बघायचं असतं म्हणे. मी नाही बघितलं.