राहिलेली दुसरी बाजू

सांगते. पण मध्येच, "तुम्हाला डुलकी लागली असेल," असं म्हणायचं नाही. ते मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय.

एकतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. साहेब बोलायचे, मी लिहायचे. साक्षीदार रडायचे, तर रडण्याच्या आधी काय बोलले आणि नंतर काय बोलले, तेही लिहायचे. घटस्फोट, खून, सामाईक भिंतीवरून भांडणारे भाऊ, सगळं या हातातून गेलं आणि डोक्यात काही उरलं नाही. त्या कामाला तेच लागतं. मला काय वाटतं, हे एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू? मीही विचारलं नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या थंडीत पोस्टमनने सहाव्या मजल्यावरचं एक पाकीट चुकून माझ्या दारात टाकलं. मी दुसऱ्या मजल्यावर. सहावा म्हणजे सगळ्यांत वरचा, त्याच्यावर नुसतं छप्पर. तिथे लिफ्टवाले भाऊ आणि वहिनी राहायचे. भाऊ जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले, आमच्या इमारतीची लिफ्टही त्यांच्याच हातातली. दीड महिन्यापूर्वी ते झोपेतच गेले होते. तेव्हा मी भेटून आले होते, पण ते आपलं चारचौघींबरोबर, दहा मिनिटं.

वहिनींनी पाकीट न बघताच बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "तुम्ही कोर्टात लिहून घ्यायच्या ना?"

"हो."

"मग माझं एक काम करा. आत या."

आतल्या खोलीत भिंतभर तबकड्या होत्या. तीनशे. गावातली एक जुनी रेकॉर्ड लायब्ररी बंद पडली तेव्हा भाऊंनी सगळ्याच्या सगळ्या उचलून आणल्या होत्या, निवडल्या नव्हत्या. चर्चमधली समूहगाणी, पलटणीचे बँड, जॅझ, ऑपेरा, वाळवंटातल्या लोकांचे ढोल, किंचाळणाऱ्या गिटारी, काहींत तर नुसते यंत्रांचे आवाज. भाऊंनी त्यांना नंबर टाकले आणि रोज दुपारी चार वाजता एक ऐकायला लागले. दोन्ही बाजू, पूर्ण. ऐकून झालं की मत एका चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी त्याच तबकडीच्या पाकिटात.

वहिनींनी एकदोन काढून दाखवल्या. "४१. बाई चौथ्या मजल्यापर्यंत झकास जाते. पाचव्यावर दार उघडत नाही." दुसरी होती, "११८. अर्धा तास नुसता ढोल. माझी छाती त्याच तालात चालायला लागली. घाबरलो. परत लावावी."

"दोनशे बासष्ट झाल्या," वहिनी म्हणाल्या. "दोनशे त्रेसष्टची एकच बाजू झाली. पुढच्या महिन्याच्या शेवटी मुलगी मला न्यायला येतेय. त्याच्या आत उरलेल्या ऐकून चिठ्ठ्या लिहायला हव्यात."

"मग तुम्हीच का नाही ऐकत?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि..." त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "चार वाजले की त्यांची खुर्ची करकरते. तबकडी लावली नाही तर जास्तच. माणूस असा वाट बघत बसलेला असताना मी घर सोडून जाऊ कशी?"

मला वाटलं, एकटेपणाने होतं असं. बिचाऱ्यांचं मन राखावं. तशीही दुपारी मी खिडकीत बसून कोण आलं, कोण गेलं एवढंच मोजत होते.

दुसऱ्या दिवसापासून बसले. दोनशे त्रेसष्ट वहिनींनी बाजूला काढून ठेवली. "ही शेवटी," एवढंच म्हणाल्या. दोनशे चौसष्ट लावली. मी स्टुलावर, मांडीवर वही. माझ्या डाव्या हाताला भाऊंची वेताची खुर्ची, रिकामी. तबकडी संपल्यावर मी लिहिलं, "ठीक आहे."

वहिनींनी वाचलं. "ठीक? ठीक तर मीठ असतं. तुम्हाला काय झालं ते लिहा की."

मला काहीच झालं नव्हतं. ते लिहिणार कसं? पाच दिवस मी असंच काहीबाही खरडलं.

सहाव्या दिवशी डोंगरातल्या कुठल्या तरी बायकांचं गाणं होतं. भाषा अनोळखी, वाद्य एकही नाही, नुसते गळे. थंडीचे दिवस, पाचच्या सुमाराला खोली करडी व्हायला लागायची. दुसरी बाजू निम्मी झाली आणि माझा डावा कान गार पडला. फक्त डावा. कुणी अगदी जवळ तोंड आणून बोलावं तसं काहीतरी, पण श्वास ऊबदार नाही... गार. मग वास आला. जुनं ग्रीस आणि लोखंड यांचा. आणि खुर्ची करकरली. एकदाच, बसलेल्या माणसाने पुढे वाकावं तशी.

मी मान वळवली नाही. कोर्टात सवय असते, काहीही कानावर आलं तरी वर बघायचं नाही.

तबकडी थांबली. खाली बघितलं तर वहीचं पान भरलं होतं. लघुलिपीत, माझ्याच हातचं.

आता एक समजून घ्या. लघुलिपीत आम्ही अक्षरं लिहीत नाही, आवाज लिहितो. कान ऐकतो, हात उमटवतो, मध्ये डोकं लागत नाही. म्हणजे ऐकल्याशिवाय हात हलतच नाही. आणि मी तर त्या बायकांशिवाय काही ऐकलं नव्हतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी त्यांना वाचून दाखवलं, माझा आवाज मलाच परका वाटत होता. "सहा बाया. पाच वर खेचतात, एक खाली धरून ठेवते. ती काउंटरवेट. ती नसती तर बाकीच्या छपराला धडकल्या असत्या. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसणार."

"काउंटरवेट म्हणजे?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

वहिनींनी कप खाली ठेवला. "लिफ्ट वर जाते तेव्हा भिंतीतून एक वजन खाली येतं... ते." मग हळूच म्हणाल्या, "मला म्हणायचे तसं. लाडात आले की."

मी कशीबशी घरी आले. हात धुतले, परत धुतले. रात्री वही उघडून बघितली आणि त्या पानाखाली माझ्या साध्या अक्षरात एक ओळ लिहिली. "खाली धरणाऱ्या त्या बाईसाठी रडू आलं." ती ओळ मात्र माझी होती. रडूही माझंच. साठीला आलेल्या बाईचं आयुष्यातलं पहिलं मत.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. जाणारच नव्हते. चारला पाच मिनिटं असताना दाराला कडी लावली, वर खुर्ची टेकवली. बरोबर चारला माझा उजवा हात टेबलावर हलायला लागला. पेन्सिल नव्हती, कागद नव्हता. बोटं लाकडावर रेघा ओढत होती, सावकाश, थांबून थांबून, बोलणारा शब्द शोधत असला की आम्ही थांबतो तशी. मग बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. जाळीचं दार उघडलं. कुणी बाहेर आलं नाही, दार मिटलंही नाही. दहा मिनिटं.

शेवटी मी खुर्ची बाजूला केली, कडी काढली. लिफ्ट रिकामी होती, दिवा चालू. मी आत शिरले. एखाद्याने इतक्या अदबीने न्यायला यावं आणि आपण येत नाही म्हणावं, हे मला कधी जमलेलंच नाही.

तिथून पुढचे दिवस कसे सांगू? भीती गेली नाही. रोज कान गार पडायचा, रोज पाठीवर काटा यायचा. पण चारची वाट बघायला लागले, हेही तितकंच खरं. त्यांचं मत लघुलिपीत, खाली माझं साध्या अक्षरात. पलटणीच्या बँडवर ते म्हणाले, "सगळे एका मजल्यावर उतरतात, ढकलाढकली नाही." मी लिहिलं, "लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मिरवणूक बघितली होती, चाळीस वर्षांत आठवली नव्हती." किंचाळणाऱ्या गिटारींवर त्यांनी "परत लावावी" म्हटलं. मी लिहिलं, "मुळीच नाही." तेव्हा खुर्ची दोनदा करकरली, हसल्यासारखी. यंत्रांच्या तबकडीवर ते वैतागले, "मोटर उत्तम, पण आत माणूस अडकलाय, त्याला काढा." मला मात्र ती इतकी आवडली की मी वहिनींना हाक मारून शेजारी बसवलं. जॅझवाला माणूस तुतारीत मध्येच चुकला आणि ती चूकच पुढे नेत गेला, तेव्हा मी खदाखदा हसले. एवढ्या मोठ्याने मी कधी हसले होते, आठवत नाही. एक अंगाईची तबकडी होती. तिच्यावर दोघांनीही काही लिहिलं नाही.

भाजीवाली म्हणाली, "बाई, हल्ली तुम्ही चालता चालता बोटं वाजवता." मी म्हटलं, "वाजवते हो."

शेवटचा दिवस उजाडला. मुलगी संध्याकाळी येणार होती, सामान बांधून दारात. दोनशे त्रेसष्ट तेवढी उरली. वहिनी ती छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"ही मीच बंद करायला लावली," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं. ओरडले, रोज रोज तुमच्या त्या तबकड्या, माणसाने जगायचं की नाही? पहिली बाजू संपली होती, त्यांनी सुई उचलली आणि जाऊन पडले. मी स्वयंपाकघरात. तासाभराने चहाला उठवायला गेले तर..." त्यांनी तबकडी आणखी घट्ट धरली. "मुलीलाही सांगितलेलं नाही. एवढं ऐकायचं राहिलं त्यांचं, माझ्यामुळे."

मी त्यांच्या हातातून तबकडी घेतली आणि दुसरी बाजू लावली. एकट्या माणसाचा पियानो होता, संथ, मध्ये लांबलांब थांबणारा.

"वहिनी, इथेच बसा," मी हळूच म्हटलं.

कान गार पडला.

"वहिनी... आलेत."

त्यांनी माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. खुर्ची करकरली. ग्रीसचा वास इतका दाट झाला की जिभेवर लागायला लागला. हात चालू झाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी खाली बघत राहिले. रेघ उमटताना बघणं आणि आवाज न ऐकणं... ते शब्दांत येत नाही. पियानो थांबायचा तिथे हात चालायचा. पियानो वाजायचा तिथे हात थांबायचा.

बाजू संपली. मी वाचलं.

"ही बाजू बरी आहे. पहिली रटाळ होती. बंद करायला सांगितलंस ते बरंच केलंस, मला झोप येत होती. पडल्या पडल्या तुझं ऐकू येत होतं. रागावलीस की भांडी लावताना गुणगुणतेस. तेच शेवटचं ऐकलं. सूर धड नाही, पण तार शाबूत आहे. परत लावावी."

वहिनी रडल्या नाहीत. नुसत्या खुर्चीकडे बघत राहिल्या. "मी गुणगुणते?" त्या पुटपुटल्या. "मला तर... कुणी कधी सांगितलं नाही." आणि थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, तोंड मिटूनच, त्या गुणगुणायला लागल्या. कसलं गाणं ते त्यांनाही ठाऊक नसेल.

बाहेर लिफ्टचं जाळीचं दार सरकून मिटलं. मोटर घरघरली. आम्ही दोघी ऐकत होतो. लिफ्ट खाली गेली नाही. वर गेली. बराच वेळ वर जात राहिली. आमच्या वर मजला नाही, हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

वहिनी आता लेकीकडे आहेत. महिन्यातून दोनदा फोन करतात, तब्येत छान आहे. जाताना तबकड्या आणि त्या वाजवायचं यंत्र माझ्याकडे ठेवून गेल्या. मी पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. खुर्चीही आहे, पण ती करकरत नाही, कान गार पडत नाही. मी एकटीच ऐकते आणि एकटीच मत लिहिते, पानंच्या पानं. त्या माणसाचे आणि त्या माउलीचे माझ्यावर किती उपकार आहेत, कसं सांगू? नाहीतर मी खिडकीतच बसून संपले असते. रोज चारला हात जोडते आणि मग सुई ठेवते.

एवढ्यावरच संपलं असतं तर बरं होतं.

गेल्या मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. सकाळचे अकरा, बाहेरच्या खोलीत माणसं, कोपऱ्यात रेडिओ बारीक आवाजात चालू. नर्सने फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता, मी भरत होते. भरून परत दिला. तिने उलटून पाहिला आणि म्हणाली, "बाई, मागे हे काय काढलंय?"

मी बघितलं. पाठची बाजू वरपासून खालपर्यंत लघुलिपीने भरली होती. भाऊंचं बोलणं मी कुठेही ओळखेन. हे त्यांचं नव्हतं. एका ओळीत म्हाताऱ्याचा दम लागलेला, दुसरीत एखादी बाई घाईघाईने, तिसरीत लहान मुलाचे बोबडे उच्चार, सगळं एकमेकांवर पडलेलं, साक्षीला सगळे एकदम उभे राहिल्यासारखं. तेवढ्यात ध्यानात आलं, माझे दोन्ही कान गार पडले होते.

त्या गर्दीत एकच ओळ स्वच्छ लागत होती. अगदी शेवटची.

"सावकाश लिहा, बाई. आम्ही बरेच आहोत."