लाल शाईतली नावं

बारामतीच्या एसटी स्टँडासमोरच्या रसवंतीत सुकन्या पडद्याआड उभी होती आणि पलीकडच्या शाळेचा जिना चढायचं धाडस गोळा करत होती. धाडस काही गोळा होत नव्हतं. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेदहा. मुक्त विद्यापीठाचा रविवारचा वर्ग दहालाच सुरू झालेला. लोणी भापकरची गाडी उशिरा आली यात तिचा काय दोष? पण आता दारात उभं राहायचं, चाळीस माना वळणार, मॅडम नाव विचारणार... नुसत्या विचारानंच तिच्या घशाला कोरड पडली.

"रस घ्या," शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "घशाला बरं वाटतं. माझा तिसरा गिलास हाय."

ती दचकली. सावळा, उंच, इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला एक तरुण. मांडीवर कोरी वही. कपाळावर घाम, आणि दिवस तर थंडीचे!

"तुम्हीपण... मानसशास्त्र?" तिनं विचारलं.

"व्हय. पहिल्याच दिवशी उशीर झाला. वर जायचं धाडस न्हाय, आन् पोटात आता जागा बी न्हाय."

सुकन्याला हसू आलं. नोकरीला लागल्यापासून ती हसायचंच विसरली होती, तेव्हा हे हसू तिचं तिलाच नवं वाटलं.

"माणसं कशी सांभाळायची ते शिकाय आलोय," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आन् माणसांनाच भितो. कुणाला सांगू नगा."

"मी कुणाला सांगणार? माझंही तेच आहे."

तो उठला. रसाचे पैसे ठेवले, बाहेर एक नजर टाकली आणि म्हणाला, "मग असं करू. दोघं बरुबर जाऊ. चाळीस माना हायती. वीस तुमच्याकडं बघतील, वीस माझ्याकडं. निम्मी भीती वाटून घेऊ."

आणि खरंच, वीस माना तिनं सहन केल्या.

त्याचं नाव नागेश. भवानीनगरच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांना नंबर लावायचं काम त्याच्याकडे. गाडीवान बापाच्या वयाचे, उन्हात तास-तास खोळंबलेले. नंबर मागे गेला की त्याच्या अंगावर धावून यायचे. सुकन्याची तऱ्हा वेगळी नव्हती. शेतीची पदविका घेऊन ती बारामतीबाहेरच्या एका द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये सुपरवायझर म्हणून लागली होती. हाताखाली अठरा बायका. घड देठानं धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, नासका मणी कात्रीनं अलगद काढायचा, हे सगळं तिनं पुस्तकात शिकलेलं आणि त्या बायकांनी हातानं. "मॅडम म्हणत्यात..." अशी कुणी सुरुवात केली की सगळ्या टेबलांवर खसखस पिकायची. रोज सकाळी शेडचं दार दिसलं की तिची पावलं मंदावायची.

घरी म्हस्कू आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, अटच घातली होती. एक हंगाम. जमलं तर जमलं, नाहीतर नोकरी सोडायची आणि जेजुरीकडचं स्थळ बघायचं. नोकरी गेली की रविवारचा वर्ग गेला. आणि रविवारचा वर्ग गेला की...

हे 'की' काही दिवस तिनं पुरं केलंच नाही.

अभ्यासक्रमाचं पुस्तक पोस्टानं यायचं होतं, या दोघांचं ते आलंच नाही. केंद्रावर एकच प्रत होती. मॅडमनी ती या दोघांना मिळून दिली. रविवार ते बुधवार नागेशकडे, मग भवानीनगरहून बारामतीला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे, आणि गुरुवारी सकाळी स्टँडावर सुकन्याच्या हातात. पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. 'हे पान आमच्या मुकादमावर बेतलेलं दिसतंय.' खाली ती लिहायची, 'आणि पुढचं माझ्यावर.' 'भीती' या धड्यापाशी त्यानं नुसतंच लिहिलं होतं, 'हजर.' ती शेडच्या पायरीवर बसून ते वाचायची आणि कुणी बघितलं तर काय, म्हणून चटकन पुस्तक मिटायची.

फेब्रुवारीच्या शेवटी मॅडमनी काम दिलं. आपल्या कामाच्या जागी माणसं बारकाईनं पाहायची. नाव, वागणं, आणि शेवटी निष्कर्ष. हंगाम सरता सरता वही द्यायची. त्या दिवशी जिन्यात नागेशनं खिशातून एक पेन काढलं आणि तिच्याकडे न बघताच पुढं केलं.

"तुमच्यासाठी. लाल शाईचं हाय."

"लाल कशाला?"

"परीक्षेत लाल पेन मास्तरच्या हातात असतंय, आन् भ्या आपल्याला वाटतंय. म्हणलं, एकदा तुमच्या हातात असू द्यावं."

असं पेन मिळाल्यावर कोणती मुलगी निळ्यानं लिहील? सुकन्यानं सगळी वही लालनं लिहिली. रोज जेवणाच्या सुट्टीत, एकेक नाव, वळणदार अक्षरात. आणि तिथंच घात झाला.

शेडमध्ये मॅनेजरांची एक जुनी पद्धत होती. ज्या बाईला कामावरून कमी करायचं, तिचं नाव हजेरीवर लाल शाईनं लिहायचं. तसं नाव दिसलं की दुसऱ्या दिवशी यायचं नाही, असा त्याचा अर्थ. सुकन्या नवी. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं ना!

मार्चमधला गुरुवार होता. सकाळपासून हवेत उकाडा, शेडमध्ये द्राक्षांचा गोडसर वास भरून राहिलेला. चार वाजता कंटेनर निघायचा होता आणि दीडशे पेट्या अजून भरायच्या होत्या. मॅनेजर जाता जाता बजावून गेले, "आज माल राहिला, तर उद्या तुम्ही घरी बसा." सुकन्या शीतगृहात पेट्या मोजायला गेली. वही टेबलावरच राहिली.

ती बाहेर आली तेव्हा कात्र्यांचा आवाज थांबला होता.

अठराजणी उभ्या. मधोमध ठमाबाई, वही छातीशी धरून. गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा ठमाबाई कंदिलापाशी बसून एवढंच शिकली होती, स्वतःचं नाव. बाकी अक्षर तिला लागत नव्हतं. पण आपलं नाव ती कुठंही ओळखायची, आणि ते तिनं आज लाल शाईत ओळखलं होतं.

"हे माजं नाव हाय न्हवं?" तिनं वही उघडून नावावर बोट ठेवलं. "आन् हे सिंधुबाईचं, तिनं बी ओळखलं. तांबड्या शाईत नाव म्हंजी उद्यापास्नं काम न्हाय. समद्यांना काढलं का वो, मॅडम? आमी काय केलं तुमचं?"

सुकन्याला बोलायचं होतं. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"बोल की गं!" प्रयागबाई पुढं झाली. शेडमधली सगळ्यात थोरली, सगळ्यात मोठ्या आवाजाची. "महिनाभर बघतीया आमी. कोपऱ्यात बसून गुपचूप लिव्हायचं, आमी बघितलं की झाकायचं. आता कळलं काय लिव्हत हुतीस ते. चला गं, हात धुवा. एक मणी सुदिक कापायचा न्हाय."

सव्वादोन वाजले होते. सुकन्याला समोर दिसत होतं ते सगळं एकाच वेळी, रिकामा कंटेनर, मॅनेजरांचा चेहरा, आबांचं "झालं का समाधान?", जेजुरीकडचं स्थळ, आणि रविवारी शाळेच्या त्या बाकावर नागेशशेजारची रिकामी जागा. पळून जावं, असं तिच्या मनात आलं. अगदी दारापर्यंत ती गेलीसुद्धा.

दारात नागेश उभा होता. काखेत पुस्तक.

"आज सुट्टी हुती," तो गडबडीनं म्हणाला, "म्हणलं कंडक्टरकडं कशाला... आपणच..." मग त्यानं तिचा चेहरा बघितला, आतल्या बायका बघितल्या आणि विचारलं, "काय झालं?"

तिनं चार वाक्यांत सांगितलं. लाल शाईचं ऐकून तो पांढराफटक पडला.

"माझ्या पेनानं केलं हे?"

"आता काय करू? मला नाही जमत हो त्यांच्याशी बोलायला. माझा आवाजच जातो."

"बोलू नगा. वाचून दावा. जे लिहिलंय ते समदं."

"सगळ्यांसमोर?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अठराजणी आहेत, नागेश."

तोही घाबरला होता. त्याचा हात शर्टाच्या कॉलरकडे गेला. तरी तो म्हणाला, "नऊ माझ्याकडं बघतील की. चला."

दोघं आत आले. बायकांच्या माना वळल्या आणि खरोखरच निम्म्या त्याच्याकडे वळल्या. हा कोण नवा? तेवढ्या उसंतीत सुकन्यानं ठमाबाईच्या हातातून वही मागून घेतली.

"मी यात काय लिहिलंय ते वाचते," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "ठमाबाई. वागणं: तीन वाजले की पुन्हा पुन्हा दाराकडे बघते. लेकीची शाळा सुटायची वेळ असावी. निष्कर्ष: दाराजवळच्या टेबलावर बसवावे, म्हणजे रस्ता दिसेल."

ठमाबाईची नजर नकळत दाराकडे गेली.

"सिंधुबाई. वागणं: उजवा अंगठा दुखतो, कुणाला सांगत नाही, पदरात दाबून धरते. निष्कर्ष: कात्री काढून घ्यावी, पेटी भरायला द्यावी."

सिंधुबाईनं अंगठा पदराआड घेतला आणि मान खाली घातली.

"प्रयागबाई." इथं सुकन्या अडखळली. नागेश अर्धं पाऊल जवळ सरकला. "वागणं: भांडण सुरू करते. मिटवतेही तीच. आजारी बाईचं काम न बोलता ओढते. निष्कर्ष: मी तिला भिते. पण काही अडलं तर तिलाच विचारावे."

"मग इचारलं का न्हाईस?" प्रयागबाई म्हणाली. आवाज मात्र पहिल्यासारखा नव्हता.

"सांगितलं ना. भिते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. सुकन्यानं एकेक नाव वाचलं, अठराच्या अठरा. प्रत्येकजण आपलं ऐकायला पुढं सरकत होती. कुणी म्हणालं, "हे खरं हाय बया," तर कुणी, "मी कुटं चिडती गं?" असं चिडूनच विचारलं. वाचता वाचता शेवटचं पान आलं आणि सुकन्यानं वही झटकन मिटली.

"झालं."

"न्हाय झालं," ठमाबाई म्हणाली. "अजून एक पान हाय. तांबडं दिसलं मला. कुणाचं नाव हाय?"

"ते... ते शेडमधलं नाही."

"पान चुकवायचं न्हाय," प्रयागबाईनं दटावलं. "आमचं समद्यांचं चवाट्यावर वाचलंस. ते बी वाच, म्हंजी कात्री हातात घेती."

पावणेतीन. सुकन्यानं घड्याळाकडे बघितलं. दाराकडे बघितलं. शेजारी उभा असलेला माणूस सोडून सगळीकडे बघितलं. आजवर ती शेडला भ्यायली, मॅनेजरांना भ्यायली, बायकांना भ्यायली, पण ही भीती निराळीच होती. तिनं वही उघडली.

"नागेश," तिनं वाचलं.

पुस्तक त्याच्या काखेतून खाली पडलं.

"वागणं: पुस्तक देताना हात पुढं करतो, डोळे खाली ठेवतो. घाबरला की वरचं बटण लावलंय का ते चाचपतो. स्वतः घाबरलेला असताना दुसऱ्याला धीर देतो. रविवारी आला नाही तर... वर्ग मोठा वाटतो."

ती थांबली.

"निष्कर्ष?" प्रयागबाईनं विचारलं. एव्हाना सगळ्याजणी तो शब्द शिकल्या होत्या.

"लिहिला नाही."

"का गं?"

"भीती वाटली." सुकन्याचा आवाज आता अगदी बारीक झाला होता, पण गेला नव्हता. "लिहिलं की खरं होतं ना. मला हा आवडतो. फार आवडतो. आणि याला तसं काही वाटत नसेल तर... तर मी रविवारी कुठल्या तोंडानं जिना चढू?"

नागेशचा हात वरच्या बटणाकडे गेला होता आणि अठराही बायका ते बघत होत्या. या वेळी वाटणी नव्हती. सगळ्या माना त्याच्याकडे.

"द्या हिकडं," तो पुटपुटला. वही घेतली. वहीतल्या लाल पेनाकडे एकदा बघितलं, ते तसंच ठेवलं, आणि स्वतःच्या खिशातलं निळं काढलं. उभ्या उभ्या लिहिलं. अक्षर वेडंवाकडं उमटलं. मग वही तिच्याकडे न देता त्यानं स्वतःच वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"निष्कर्ष: दोघंबी भित्री हायती. जवळजवळ ठेवावीत."

पुढं जो गलका झाला त्यात काय काय बोललं गेलं ते सुकन्याला कधीच नीट आठवलं नाही. एवढं आठवलं की प्रयागबाईनं टाळी वाजवली आणि म्हणाली, "बास! कात्र्या घ्या. सिंधे, तू पेट्या भर. ठमे, दाराकडं बस. आन् तू रं, बटणवाल्या, नुसता हुबा ऱ्हातूस व्हय? पेट्या उचल."

कंटेनर चारऐवजी चार वाजून दहा मिनिटांनी हलला. मॅनेजरांनी घड्याळ बघितलं, मग बायकांच्या रांगेकडे बघितलं, आणि सही केली.

संध्याकाळी लोणी भापकरच्या गाडीत तिघं बसले होते. प्रयागबाई खिडकीपाशी. म्हस्कूला, सुकन्याच्या आबांना, ती लहानपणापासून ओळखत होती. दोघांच्या घरची मेंढरं एकाच माळावर चरलेली. "लग्नाचं मी बोलती त्याच्याशी," ती म्हणाली होती, "तुमी दोघं निस्ती गप बसा."

गाडी गावाजवळ आली तशी सुकन्याची भीती परत आली. आबा काय म्हणतील? ओट्यावर बसलेले असतील, नजर वर करून बघतील... तिनं हळूच शेजारी बघितलं. नागेशचं वरचं बटण लावलेलंच होतं, तरी तो चाचपत होता.

"किती माणसं असतील घरी?" त्यानं विचारलं.

"चार. आबा, आई, काका, आजी."

"मग दोन तुमची, दोन माझी," तो म्हणाला, आणि सीटवर दोघांच्या मध्ये ठेवलेलं पुस्तक उचलून त्यानं मांडीवर घेतलं.