अण्णांच्या कागदावरचा मोर

"उद्या अकरा वाजता पोलीस मला घेऊन जाणार आहेत," शलाका म्हणाली. "तोवर काही सापडलं तर ठीक. नाही जमणार असेल, तर आत्ताच सांगा."

यशश्री दीक्षित खाजगी तपास करायची, पण असं घड्याळ लावून आलेलं अशील तिलाही नवीन होतं. बाजूला उपेंद्रमामा बसले होते. सख्खे मामा, तीन पिढ्यांचे बंगळुरूकर. भाचीच्या प्रत्येक प्रकरणात आपला निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढायचा आणि तो हमखास चुकवायचा, हा त्यांचा लौकिक.

शलाकाचे काका त्रिविक्रम, सगळ्यांचे अण्णा, शनिवारी येलहंक्याच्या घरात जिन्याखाली मेलेले सापडले. दंडावर कुणीतरी जोरात धरल्याचे वळ होते. दार धड होतं आणि किल्ली फक्त शलाकाकडे.

"सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं," ती म्हणाली. "मला ऑफिसजवळ, मारतहळ्ळीला राहायला जायचं होतं. शेजारच्या अक्कांनी सगळं ऐकलं. मी दहालाच बाहेर पडले आणि तळ्याकाठी बसून राहिले. मला तिथे कुणी पाहिलं नाही. तीनला परतले, तेव्हा अक्का दारातच भेटल्या. आम्ही दोघींनीच आत जाऊन पाहिलं, तर..."

"वर त्यांच्या खोलीत गेलीस?" यशश्रीने विचारलं.

"नाही. पोलीस येईपर्यंत अक्कांनी मला सोडलंच नाही. मग खोलीला सील लागलं."

त्या खोलीत टेबलावर एक आलेखाचा कागद पडलेला होता. इन्स्पेक्टर गुरुप्रसाद यांनी त्याची प्रत दिली. साठ ओळी, साठ उभ्या रांगा, आणि काही घरं पेन्सिलीने काळी करून काढलेला, बारीक रेषांचा मोर. कोपऱ्यात, मोरापासून लांब, एकच काळं घर होतं.

"हा ठिपका स्वल्प चुकलाय," मामा म्हणाले.

"हात थरथरायचा त्यांचा," शलाका म्हणाली. "पण खोडायचे नाहीत. चुकलेलं घरसुद्धा मोजायचे."

अण्णा दर वर्षी एक स्पर्धा घ्यायचे. स्वतः चित्र काढायचे आणि फक्त आकडे जाहीर करायचे: प्रत्येक ओळीत, रांगेत आणि पाच-बाय-पाचच्या प्रत्येक चौकटीत किती घरं काळी. त्यावरून पूर्ण जाळी भरून देणारा प्रोग्राम लिहायचा. ज्याचं उत्तर सर्वांत आधी येईल, तो जिंकला.

आणि स्पर्धा रविवारी झालीसुद्धा! माणूस जाऊन दिवस उलटला नव्हता. मामांना याचा भयंकर संताप आला होता. इंदिरानगरच्या कार्यालयात संयोजक शाल्मलीवर त्यांनी तो काढला.

"देशभरातून नावं आली होती," ती खाली मान घालून म्हणाली. "शनिवारी साडेबाराला अण्णांचा फोन आला. म्हणाले, चित्र आत्ताच पुरं झालं, आकडे पाठवतो. पाठोपाठ आकडे आले. शेवटचं बोलणं तेच."

"चित्र पाठवलं?" यशश्रीने विचारलं.

"कधीच नाही. त्याचा फोटोही काढू द्यायचे नाहीत. आम्हाला लागतही नाही. आलेली जाळी आकड्यांशी जुळते का, एवढंच आमचं यंत्र बघतं."

"आणखी काही बोलले?"

"यंदा एकाला बाद करणार, म्हणाले. नाव विचारलं, तर म्हणाले उद्या सगळ्यांसमोर सांगेन."

शाल्मलीने दोघा स्पर्धकांना तिथेच बोलावून घेतलं. स्पर्धेत दुसरा आलेला ध्रुव तुसडा निघाला. गेल्या वर्षी अण्णांनी त्याला बाद केलं होतं.

"शनिवारी मी येलहंक्यातच होतो. भाऊ राहतो तिथे. लिहून घ्या," तो म्हणाला. "पण अण्णांकडे गेलो नाही. मला हरवायचं होतं त्यांना, मारायचं नव्हतं."

मामांनी यशश्रीला कोपराने ढोसलं. गुन्हेगार सापडल्याची ती त्यांची खूण होती.

विजेता यशोवर्धन मूळचा पुण्याचा, मारतहळ्ळीला राहणारा. गेल्या वर्षीही तोच जिंकला होता आणि त्यावरच त्याला मोठी नोकरी लागली होती.

"सॅटर्डेला पूर्ण दिवस फ्लॅटवर होतो मी. कोड ऑप्टिमाइझ करत होतो," तो म्हणाला. "अण्णांचं घर तर मी पाहिलंही नाहीये. शलाका कोण, तेही मला न्यूजमधून कळलं."

निघताना यशश्रीने दोघांची उत्तरं छापून घेतली. ध्रुवच्या कागदावर सांडलेल्या मोहरीसारखे ठिपके होते. यशोवर्धनच्या कागदावर मोर होता आणि कोपऱ्यात एक काळं घर.

"हुशार पोरगा," मामा म्हणाले. "त्या ध्रुवला मोराचं पीसही जमलं नाही."

यशश्रीने ते कागद अण्णांच्या प्रतीशेजारी धरून पाहिले. दोन्ही कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी दहाला सगळे शाल्मलीच्या कार्यालयात जमले. दाराशी गुरुप्रसाद उभे होते. शलाका कपड्यांची पिशवी भरूनच आली होती. ती पाहून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

यशश्रीने चार घरांचा एक छोटा चौकोन काढला, त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे काळे केले आणि शेजारी तसाच दुसरा चौकोन काढून त्याचे उरलेले दोन कोपरे काळे केले.

"मामा, मोजा. दोन्हींत ओळीत एक, रांगेत एक, चौकटीत दोन. आकडे तेच, चित्र वेगळं. साठ ओळींच्या जाळीत अशी अदलाबदल किती ठिकाणी करता येईल?"

"अब्जावधी उत्तरं निघतील," ध्रुव पटकन म्हणाला. "प्रोग्रामला त्यांतलं कुठलं तरी एक सापडतं. नुसत्या आकड्यांतून मोर कुठून येणार?"

"ध्रुवचं उत्तर गबाळं आहे, कारण ते खरं आहे. यशोवर्धन, तुमचं मात्र घर न् घर अण्णांच्या कागदाशी जुळतं. त्यांचा हात थरथरून पडलेला ठिपकासुद्धा तुमच्या प्रोग्रामला सापडला!"

"को-इन्सिडन्स असेल," यशोवर्धन म्हणाला.

"तो कागद साडेबाराला पुरा झाला. शलाका दहालाच बाहेर पडली होती आणि तुमची तिची ओळख नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तीननंतर वर पोलिसांखेरीज कुणी गेलं नाही. कागद खोलीबाहेर आला नाही, म्हणजे तुम्ही खोलीत गेला होतात. अण्णांनी स्वतःच दार उघडलं असणार. बाद होणारे तुम्हीच होतात ना? प्रोग्राम तुमचा नव्हता. तो खरंच लिहिला असतात, तर उत्तरं अनेक असतात हे ठाऊक असतं. मग त्यातलं हेच उत्तर तुम्ही चुकूनही दिलं नसतं."

"मला वाटलं, आन्सर एकच असतं," यशोवर्धन म्हणाला. "त्यांनी कोडमधल्या एका ओळीचा अर्थ विचारला. मला सांगता आला नाही. उद्या सगळ्यांना सांगणार म्हणाले आणि खाली जायला निघाले. मी दंड धरला. त्यांनी झटकला. मग मी ढकललं."

"आणि वर जाऊन कागदाचा फोटो काढलात," गुरुप्रसाद म्हणाले.

"फोन फ्लॅटवरच ठेवला होता. स्पर्धेआधी त्यांना भेटलो, हे लोकेशनवरून कळू नये म्हणून. हातानेच उतरवून घेतलं. चाळीस मिनिटं लागली."

शलाका उठून त्याच्यासमोर आली.

"तुम्ही खाली आलात, तेव्हा अण्णा गेले होते?"

त्याने मान वळवली. तिने पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू.

"नाही," तो म्हणाला. "डोळे उघडे होते. म्हणाले, शलाकाला बोलाव. इथेच असेल तळ्यावर, रागावली की तिथेच जाऊन बसते."

तळं घरापासून पाच मिनिटांवर होतं. शलाका तिथे तीन वाजेपर्यंत बसली होती, अण्णा बोलावतील या आशेने.