खिळ्यावरचा नान

माणूस भेटला की मी आधी त्याचे दात बघते. शिंपी कॉलर बघतो, चांभार टाच बघतो, तसं. बिश्केकमध्ये माझा दवाखाना आहे आणि दिवसभर लोक माझ्यासमोर आ वासून बसलेले असतात. त्यामुळे सासरच्या घरात खिळ्याला टांगलेल्या नानावरचं फडकं बाजूला झालं, तेव्हा माझी नजर आधी घासाच्या जागेवर गेली.

सासर इसिक-कुल तलावाच्या दक्षिण किनाऱ्यावर, तोसोर गावाच्या पुढे. उन्हाळ्यात आम्ही येतो तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपतो. जानेवारीत मी पहिल्यांदाच आले होते. मेदेर, माझा नवरा, दर हिवाळ्यात एकटाच येतो, गोठलेला धबधबा बघायला. "तुला काय करायचंय थंडीत मरायला येऊन," म्हणायचा. यंदा मी हट्टाने आले. हिवाळ्यात शेगडी फक्त आतल्या खोलीत पेटते, म्हणून सगळे तिथेच झोपलो, आणि सकाळी अंथरुणं आवरताना मला तो नान दिसला.

टांगलेल्या नानाचं नवल नव्हतं. घरातलं कुणी लांब निघालं, सैन्यात किंवा परदेशी कामाला, की त्याला दारात नानाचा एक घास घ्यायला लावतात आणि उरलेला जपून ठेवतात. परत येऊन तो त्याचा त्यानेच संपवायचा.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"माझा. सैन्यात गेलो तेव्हाचा," मेदेर मोजे चढवत म्हणाला.

मेदेरचे दात मीच साफ करते. जबडा रुंद, समोरचा एक दात शेजारच्यावर चढलेला. नानावरचा घास लहान होता, गोल आणि नीटनेटका. बाईचा.

"सैन्यातून परत आलास ना? मग संपवला का नाहीस?"

तो दुसरा मोजा शोधायला लागला. शेगडीपाशी बसलेल्या सासूबाईंनी चहात दूध ओतलं आणि म्हणाल्या, "जिबेकचा आहे. खोटं कशाला बोलतोस? खरं सांगितलंस तर ती काय तुझे दात उपटणार आहे?"

जिबेक म्हणजे मेदेरची पहिली बायको. ती मॉस्कोला कामाला निघाली होती. सकाळी दारात घास घेतला, बस संध्याकाळची होती, मधल्या वेळात 'एकदा धबधबा बघून येते' म्हणून एकटीच चालत वर गेली आणि खाली आलीच नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर माणसांनी नदी पार तलावापर्यंत धुंडाळली. काही सापडलं नाही. पुढे कोर्टाने तिला मृत ठरवलं, मगच आमचं लग्न झालं. एवढं मला माहीत होतं. नानाबद्दल मात्र कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"आता ती थोडीच येणार आहे?" मी म्हटलं. "पाखरांना घाला तो."

"जिचा घास तिनेच संपवायचा," सासूबाई म्हणाल्या. "तू दातांचं बघ, दातवाले. नानाचं मी बघते."

त्या मला दातवालीच म्हणतात. जिबेकचा विषय निघाला की अजून 'माझी पोर' म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. तिचं नाक फेंदारं असतं, हाताला चव नसते, काहीतरी खोड काढता येते. ही बया खिळ्यावर बसून होती आणि माझा नवरा तिच्यापायी माझ्याशी खोटं बोलत होता. मला तो पुरता माझा हवा होता, तिच्यातून उरलेला नको होता.

सासूबाई मेंढ्यांना चारा घालायला गेल्या, मेदेर गाडी तापवायला गेला. मी नान काढून पाठपिशवीत टाकला आणि खिळ्याला दुसरंच फडकं गुंडाळून अडकवलं. धबधब्याच्या तळाशी एखादी भेग असेलच. फेकायचा आणि मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं.

रस्ता संपतो तिथे गाडी लावून आम्ही नदीकाठच्या वाटेने निघालो. बर्फ कोरडं होतं, बुटाखाली चुरचुरत होतं. श्वास घेतला की नाकात आतून टोचायचं. मेदेर पुढे, मी मागे. आमच्याआधी त्या वाटेने कुणी गेलेलं नव्हतं, तरी तो वाटेच्या मधून चालत नव्हता. नदीकडच्या कडेने चालला होता, डोंगराकडची बाजू मोकळी सोडून.

"मधून चाल की," मी ओरडले. "शेजारी कोण आहे तुझ्या?"

"सवय आहे," तो म्हणाला.

जरा पुढे गेल्यावर त्याचा आवाज आला, "जपून. दगड हलतोय." मी बरीच मागे होते. तो मागे वळला नव्हता. मान डोंगराच्या बाजूला किंचित झुकवून बोलला होता. मी त्या जागी पोचले. दगड वगैरे काही दिसत नव्हता, सपाट बर्फ होतं. त्या मोकळ्या बाजूला पाय ठेवून बघितलं. बर्फाखाली काहीतरी डुगडुगलं.

"मघाशी माझ्याशी बोललास?"

"मग आणखी कुणाशी बोलणार?"

माझ्याशी तो गाडीच्या टायरबद्दल बोलतो, घराच्या हप्त्याबद्दल बोलतो. जपून चाल असं त्याने मला, मी गरोदर होते आणि जिन्यावरून घसरले तेव्हासुद्धा, म्हटलं नव्हतं. तो आवाज मला परका होता. तो कुणाच्या तरी मालकीचा होता, आणि ती कोण हे मला सांगायला कुणी नको होतं.

धबधबा वळणापलीकडे एकदम समोर आला. आख्खा कडा गोठला होता. वर पांढरं, मध्ये हिरवट, खाली जाडसर निळं बर्फ, आणि मातीच्या पाण्याचे पिवळे ओघळ जसेच्या तसे थिजलेले. त्या सगळ्याच्या आत कुठेतरी पाणी वाहत होतं. कुणी पडद्याआड बादली भरत असावं तसा बारीक, एकसारखा आवाज येत होता.

"गोठला तरी आतून चालू असतो," मेदेर म्हणाला. मला म्हणाला असं धरून चालूया.

मग तो बर्फाजवळ गेला, हातमोजा काढला आणि उघडा तळवा त्या निळ्या बर्फावर टेकवला. कपाळही टेकवलं. डोळे मिटले. माझ्या गालाला त्याने असा हात कधी लावला नव्हता.

मी नान बाहेर काढला. भेग पायाशीच होती, काळी, हातभर रुंद. हात वर उचलला आणि तिथेच राहिला. नान जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावायचं, हे आजीने मला बोलायला यायच्या आधी शिकवलं होतं. मी दोनदा हात उगारला. बोटं सुटेनात.

मग म्हटलं, संपवायचाच आहे ना? मीच संपवते. मग बसा म्हणावं खिळ्याकडे बघत.

इतक्या वर्षांचा नान म्हणजे वीट असणार, दाढेचा तुकडा पडेल, हे मला माझ्या धंद्याने सांगितलं. थर्मासमधल्या चहात बुडवायला मी कोपरा मोडू गेले.

तो मऊ होता.

आतून वाफ आली नाही, पण ऊब होती. तंदूरमधून काढून फडक्यात गुंडाळून ठेवल्यावर तासाभराने असते तेवढी.

मी विचार केला नाही. मी रागात होते आणि मला भूक लागली होती, अशी भूक की दोन्ही हातांनी खाल्लं. ती घासाची जागा शेवटी उरली. तिथे दात लावले, ते बरोबर बसले.

शेवटचा तुकडा गिळला आणि बर्फाआडचा बादलीचा आवाज थांबला.

मेदेरने डोळे उघडले. बर्फावरचा हात काढला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं.

किती वेळ बघत होता कोण जाणे. त्याच्या पापण्यांवर हिम साचलं होतं, ते वितळून गालावर आलं.

"गारठलीस," तो म्हणाला. त्या आवाजात.

मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मला मिळालं होतं. मी म्हटलं, "चल, घरी चल." त्याने माझा हात धरला तो सोडला नाही.

उतरताना तो नदीच्या बाजूने होता, मी डोंगराच्या. वळणावर मी वाट सोडली आणि झाडांतून सरळ खाली घेतलं. तिथे मेंढ्यांचा पडका गोठा आहे, त्याच्या मागून गेलं की गाव जवळ पडतं. हे मला कुणी सांगितलं ते आठवेना. मेदेरनेच कधीतरी सांगितलं असेल. गाडी वरच राहिली. त्याला आठवण झाली नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

घरी पोचलो तेव्हा तलावावर अजून ऊन होतं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नुसत्या बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मला आत घेतलं, शेगडीजवळच्या गादीवर, आपल्या जागेवर बसवलं, चहाचा पियाला भरला, त्यावर जाड साय घातली. साय मला चालत नाही, पोटात ढवळतं. मी पियाला संपवला आणि पुन्हा पुढे केला.

"हळू पी, माझ्या पोरी," त्या म्हणाल्या. मग मेदेरकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "आणि ती दातवाली? ती कुठे राहिली?"

मेदेरने माझ्याकडे पाहिलं.

आणि माझ्या छातीत जळजळ उठली. कोण ही दातवाली? मी घरात नसताना माझ्या नवऱ्याच्या अंथरुणात झोपली, त्याच्या ताटात जेवली. तिची वाट बघायची कशाला?

"मागून येतेय," मी म्हटलं. "हळू चालते ती."

सासूबाईंनी दार थोडा वेळ उघडं ठेवलं. मग थंडी फार आत यायला लागली, म्हणून मीच उठून ते लावून घेतलं.