बदलीला न आलेला हरियाल

"सोनम, खाली ये. तात्यांनी बघितलं तर दोघांचीबी चामडी लोळवतील."

"थांब की जरा. अजून तीच बसलीय."

सोनम पंपाच्या खोलीच्या छतावर पालथी पडली होती. समोर कडुलिंब. त्याच्या शेंड्याजवळ चार काटक्या कशाबशा टाकून केलेलं घरटं, इतकं विरळ की आतलं पांढरं अंडं खालनंसुद्धा दिसावं. आणि अंड्यावर हरियालची मादी. हिरवट पिवळं कबुतर, पाय हळदीत बुडवल्यासारखे. सुट्टीला नरसिंहपूरला आजोळी आल्यापासून सोनमला दुसरं काही सुचत नव्हतं. एका जागी टेकायची सवय नसलेली ही पोरगी पाखरासाठी अर्धा दिवस उन्हात पडते, याचं तिच्या मामेभावाला, ऋषिराजला, हसूच यायचं.

"अंडं हाय म्हटल्यावर बसणारच की ती."

"येडा हायस का? ह्यांची शिफ्ट असती. रातभर बाई बसती, ऊन चढलं की गडी येतो. त्याच्या खांद्यावरचा जांभळा डाग मोठा हाय, मी वळखते त्याला. काल दिवसभर आला न्हाय. आजबी न्हाय."

"मग तिनं जावं उठून."

"माझे पप्पा माळेगावच्या कारखान्यात बॉयलरवर हायत. बदलीचा माणूस आल्याबिगर जागा सोडतं का कुणी? ही उठली तर ते अंडं न्हेतील, आन् बसून राह्यली तर उपाशी मरंल."

ते म्हणजे कावळे. विजेच्या तारेवर दोघं शेजारी शेजारी बसून घरट्याकडंच बघत होते. ऋषिराजचं हसू गेलं.

जोतीराम तात्या, म्हणजे या दोघांचे आजोबा, पेरूच्या बागेपाशी फावड्यानं माती ओढत होते. बागेवर वरून आणि चारी बाजूंनी पाखरांची नायलॉन जाळी होती. तिच्या कडा ते मातीत बुजवत होते. आत जायला कोपऱ्यात एक बुटकं दार तेवढं उघडं होतं.

"तात्या, आत हरियाल अडकलाय," छतावरनं उतरून आलेली सोनम म्हणाली. "दोन दिस घरट्याकडं फिरकला न्हाय." "जाळीत ठिबकचं पाणी साचतंय. प्यायला शिरला असंल."

तात्या हसले. "हरियाल? अगं, त्यो जमिनीला पाय लावत न्हाय. पाणी प्यायचं झालं तर पंजात काटकी धरून येतो, आन् काटकीवर उभा राहून पितो. ह्या दारातनं शिरायचं म्हंजी जमिनीवरनं चालत जावं लागंल. माझा आज्जा सांगायचा."

"तुमच्या आज्ज्यानं बघितलं व्हतं का?"

तात्यांच्या भुवया वर गेल्या. "जीभ लई चालतीय. लांब व्हा दोघं. लखन ट्रॅक्टर घिऊन येतोय, जहाल औषध मारायचंय."

औषध म्हटल्यावर सोनमचं डोकं सणकलं. तात्या फावडं ठेवायला वळले आणि ती दारातनं आत. ऋषिराजही नाइलाजानं तिच्यामागं घुसला. झाडांच्या ओळीत ते पार आत गेले, तेवढ्यात मागं तार पिळल्याचा आवाज आला. तात्यांनी दार बांधलं होतं!

आत हवाच नव्हती. वरून जाळी, बाजूनं जाळी, अंगाला चिकटणारा दमट उकाडा. दोघं दाराकडं पळाले. तार बाहेरनं पिळलेली. ऋषिराजनं जाळी ओढली, तर नायलॉननं बोटं कापली.

"तात्या, ओ तात्या!"

"बोंबला," लांबनं आवाज आला. "सुट्टी हाय, बोंबला किती बोंबलायचं ती."

त्यांनी वळूनही बघितलं नाही. पोरं शिवारात कुठंतरी खेळतायत, असंच त्यांना वाटलं. रस्त्यावर ट्रॅक्टरची धडधड सुरू झाली होती.

"तुज्या त्या पाखरापायी आता आपल्यालाच औषध प्यायला लागतंय," ऋषिराज रडकुंडीला आला. "हाय तरी कुठं त्यो?"

सोनम पानापानावरून नजर फिरवत होती. भ्यालेला हरियाल उडत नाही, ओरडत नाही, फांदीला चिकटून बसतो. हिरव्यात हिरवा. तिला काही दिसेना. घामानं डोळे चुरचुरत होते. तिनं चिडून पायाखालच्या ठिबकच्या पाइपला लाथ मारली आणि तशीच थांबली.

"ऋष्या, आपण हाका मारल्या तर तात्या यायचे न्हाईत. पण पाणी वाया चाललं तर?"

ऋषिराजनं तिच्याकडं बघितलं. "चप्पल न घालता पळत येतील."

मोटर चालूच होती. दोघांनी मिळून पाइपच्या टोकाचा कॉक फिरवला. पाणी फुसांडत सुटलं, सरीतनं धावलं, जाळीखालची माती फोडून थेट रस्त्यावर ट्रॅक्टरपुढं गेलं.

"लखन, पाइप फुटली रं!"

तात्या खरंच अनवाणी धावत आले, मागं लखन. दाराची तार सोडताना त्यांना आत चिखलात उभी असलेली नातवंडं दिसली. शिवी ओठावर आलेली, पण सोनमनं तोंडावर बोट ठेवलं.

तिच्या डोक्यावरच्या फांदीतलं एक पान हललं. पान नव्हतं ते. हरियाल खाली उतरला. पिवळ्या पायांनी चिखलातनं चालत पाण्याशी गेला, चोच बुडवली आणि मान वर न करता घटाघटा प्यायला.

तात्या वाकून त्याच्या पायांकडं बघत राहिले.

"काटकी कुठाय, तात्या?" लखननं हळूच विचारलं.

"गप बस."

पाखरू पिऊन उडालं ते वरच्या जाळीला धडकलं. पुन्हा धडकलं.

"कुणी हलू नका," सोनम कुजबुजली. "शांत झाल्याबिगर त्याला वाट दिसायची न्हाय."

तात्यांनी लखनला खूण करून एका बाजूची जाळी खांबावरनं सोडायला लावली आणि स्वतः चिखलात फतकल मारून बसले. पाणी वाहत होतं. ज्यांनी आयुष्यभर एक सरी फुटू दिली नव्हती, ते तात्या त्या पाण्यात मुकाट बसून होते. शेवटी हरियालनं शीळ घातल्यासारखा आवाज काढला, मोकळ्या बाजूनं सुटला आणि कडुलिंबात शिरला. घरट्यावरची मादी उठली, नदीकडच्या उंबराच्या दिशेनं बाणासारखी गेली. कावळे तारेवरनं हलले तोवर अंडं पुन्हा झाकलं गेलं होतं.

"कॉक बंद कर, ऋष्या," तात्या उठत म्हणाले. "लखन, औषध आज न्हाय. आन् हितनं म्होरं आत फिरून बघितल्याशिवाय फवारणी न्हाय. पोरं व्हती रं आत माझी."

मग ते सोनमकडं वळले. ती मान ताठ करून बोलणी खायला तयारच होती.

"आईवर गेलीयस. तीबी अशीच उलट बोलायची."

"मग?"

तात्यांनी चिखलाचा हात धोतराला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"मग काय? लई येळा खरंच बोलायची."