भिंतीचा कौल

तानूने गाभाऱ्यात पाऊल टाकलं आणि हातातलं तबक सुटता सुटता राहिलं. देवीकडे पाठ करून एक तरुण चक्क भिंतीला ओल्या पाकळ्या चिकटवत होता!

"अहो, देवी इकडे आहे!"

"म्हणूनच मी इकडे." तो हसला. देवपूरच्या शाळेत नुकताच विज्ञान शिकवायला आलेला पुना मास्तर, साक्रीकडचा. "तुम्ही देवीच्या खांद्यांवर दोन पाकळ्या लावता. उजवी आधी पडली की होकार. मी भिंतीलाही विचारून पाहिलं."

"मग... काय म्हणाली भिंत?"

"सांजेला बहुतेक होकारच. खिडकीतलं ऊन उजवीकडे येतं, ती पाकळी आधी वाळते. सकाळी उलटं."

तानूला घाम फुटला. तिच्या दोन स्थळांना देवीचा नकार आला होता, तो सकाळीच!

त्यानंतर देवीला फुलं पावशेराऐवजी शेरभर लागू लागली. मास्तर भिंत दाखवायचा. तानू पाहायची मास्तराच्या पापण्या.

अखेर पुनाने मागणी घातली. तानूची माय, भिकुबाई म्हणाली, "देवी हो म्हनी, तर लगीन. नहीतर नही."

"मंग सांजलेच जाऊत," तानू घाईनं म्हणाली.

कौलावर विश्वास नसलेला मास्तरही त्या सांजेला खांबाला टेकून उभा. ऊन आलं... पाकळी हलली... आणि पडली.

डावी!

तिघांचीही तोंडं उघडीच राहिली.

"वारा असेल," पुना पुटपुटला. "पाणी कमी लागलं असेल. एका पाकळीवरून काही ठरत नसतं—"

"मास्तर, कौल चुकला की भगत सबबी सांगतो, तसं बोलताय तुम्ही," तानू कुजबुजली. "उजवी पडली असती, तरी हेच म्हणाला असतात?"

त्याचे कान लाल झाले. "नाही... गुपचूप पदरात पाडून घेतली असती."

एवढं खरं बोलणारा माणूस तानूने आजवर पाहिला नव्हता.

भिकुबाईने तिचा हात ओढला. "चाल, पोर. देवी नही म्हननी."

तानू जागची हलली नाही. "देवीले इचारं, माय. माले कधी इचारं?"

भिकुबाई तिचा हात सोडून पायरीवर बसली. लेकीच्या तोंडाकडे पाहतच राहिली, जणू ही पोर आज पहिल्यांदाच बोलली. मग घाबरत, हळूच—

"मंग... तू काय म्हनस?"

"मी हो म्हनस," तानू म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.